व्हिएन्नात वाईन प्यायचीय? मग ट्रामच्या शेवटच्या स्टॉपला उतरा

सप्टेंबरच्या शेवटी मी आणि बायको पाच दिवस व्हिएन्नात होतो. पहिल्या संध्याकाळी सगळे टुरिस्ट करतात तेच केलं, जुन्या शहरात भटकत भटकत श्वार्झेस कामेल नावाच्या वाईन बारमध्ये शिरलो. 1618 पासूनची जागा आहे ती. काउंटरला उभं राहून एकेक ग्लास घेतला आणि मी हॅमचं छोटं सँडविच खाल्लं, वर हॉर्सरॅडिश किसलेलं, पहिल्याच घासाला नाक झणझणलं. छान आहे, जा एकदा. पण उरलेल्या चारही संध्याकाळी आम्ही सेंटरमध्ये फिरकलो नाही, कारण तोवर हॉयरिगरचा, म्हणजे मळेवाल्यांच्या घरच्या वाईनच्या अड्ड्यांचा शोध लागला होता.

वीस लाख वस्तीचं शहर, आणि त्याच्या हद्दीतच द्राक्षाचे मळे आहेत. 1784 मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने मळेवाल्यांना स्वतःची वाईन स्वतःच्या घरी विकायची परवानगी दिली, तेव्हापासून हे चालू आहे. आपल्याकडच्या हुरडा पार्टीसारखंच समजा, त्याचाच मळा, त्याचंच अंगण, लाकडी बाकडी आणि शेजारी कोण बसेल ते बसेल.

आता पहिली चूक आमची. एका जुन्या यादीतला पत्ता घेऊन डी नंबरच्या ट्रामने नुसडॉर्फला गेलो, वीस मिनिटं चढ चढलो आणि गेट बंद. खरे मळेवाले वर्षभर उघडे नसतात, काही आठवडे उघडतात, मग बंद, मग परत उघडतात. उघडं असलं की दारावर पाईनच्या फांद्यांची जुडी लटकवतात. जुडी नाही म्हणजे आज नाही, बेल वाजवू नका (आम्ही वाजवली, आतून कुत्रं आलं). त्यामुळे निघायच्या आधी वेबसाईटवर तारखा बघाच. आणि हॉयरिगर हे नाव कोणीही लावू शकतो, ग्रिंझिंगला बसेस भरभरून लोक येतात ती मोठी रेस्टॉरंटंही हॉयरिगरच. बुशनशांक लिहिलं असेल तर तो घरचाच मळेवाला, तिथे बिअर, कॉफी मागू नका, मिळणार नाही.

आम्हाला सगळ्यात आवडलं ते श्टामर्सडॉर्फ. शोटनरिंगवरून 31 नंबरची ट्राम धरायची, डॅन्यूब ओलांडून शेवटच्या स्टॉपपर्यंत. वाईन टेबलावर आणून देतात पण खाणं आत जाऊन काउंटरवरून स्वतः आणायचं आणि बहुतेक गोष्टी वजनावर मिळतात. इथे ग्रॅम नाही, डेका बोलतात. दहा डेका म्हणजे 100 ग्रॅम. मला हे माहीत नव्हतं, मी बटाट्याच्या सॅलडकडे बोट दाखवून "फिफ्टी" म्हणालो आणि काउंटरवरच्या मावशींनी शांतपणे अर्धा किलो वाढला. बायको म्हणाली, "अरे, लग्नाची पंगत आहे का?" तेच रात्रीचं जेवण झालं म्हणा.

बायको शाकाहारी आहे, तर तिच्यासारख्यांसाठी नीट सांगतो. लिप्टाऊअर घ्या, पनीरसारख्या ताज्या चीजमध्ये पाप्रिका आणि कांदा कालवलेला असतो, काळ्या ब्रेडवर फासून खायचा, आमचा रोजचा झाला होता. चीज, काकडी आणि बटाट्याचं सॅलड पण मिळतं, पण कोबीच्या सॅलडमध्ये बेकनचे तुकडे असू शकतात, विचारून घ्या. आणि श्माल्त्सब्रोट नावाचा पांढरं काहीतरी फासलेला ब्रेड असतो तो लोणी समजून उचलू नका, डुकराची चरबी आहे ती.

वाईन कुठली हे विचारलंत तर डोळे मिटून गेमिश्टर झात्स. एकाच मळ्यात वेगवेगळ्या जातीची द्राक्षं एकत्र लावतात, एकत्र तोडतात आणि एकत्रच गाळतात, नंतर मिसळत नाहीत. डीएसी हा ऑस्ट्रियातला त्या त्या भागाच्या वाईनचा अधिकृत दर्जा, तो हवा तर किमान तीन जाती लागतात, आणि कुठलीही एक निम्म्याहून जास्त चालत नाही. मला तरी त्यात हिरव्या सफरचंदाचा वास आला, बायकोला काहीच नाही आला पण तिने माझ्यापेक्षा जास्त प्यायली. फिअर्टल म्हणजे पाव लिटर, आख्टल त्याच्या निम्मं. घाईत फिअर्टल मागवू नका, आख्टलने सुरू करा. उन्हात बसणार असाल तर ग्श्प्रिट्स्टर, म्हणजे सोडा घातलेली.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेलात तर श्टुर्म चुकवू नका, अजून आंबतेय अशी गढूळ, गोडसर नवी वाईन. गोव्यात उन्हाळ्यात हुर्राक असतो ना, तसंच, काही आठवडे मिळते आणि मग संपली. गोड लागते म्हणून सरबतासारखी पिऊ नका, आंबणं पोटात पण चालूच राहतं असं शेजारच्या बाकड्यावरचे आजोबा हसत हसत सांगत होते.

रोख पैसे ठेवा, लहान ठिकाणी कार्ड चालेलच असं नाही. शुक्रवार-शनिवार रात्रभर मेट्रो असते, बाकी दिवशी परतीच्या शेवटच्या ट्रामची वेळ आधीच बघून ठेवा.

आणि श्टुर्मची बाटली विकत घेतलीत तर हातात उभी धरूनच आणा. आत गॅस होतो म्हणून तिचं झाकण घट्ट बसवलेलंच नसतं, आम्हाला हे हॉटेलवर बॅग उघडल्यावर कळलं. बायकोचा क्रीम रंगाचा स्वेटर पुण्यात आणून दोनदा ड्रायक्लीन केला, अजून वास येतो.