मेंढीला शीप, मग मटण कुठनं आलं?

शिकवणीत प्राण्यांची नावं आली की कुणीतरी हमखास विचारतंच, “सर, मेंढीला शीप, मग मटण कुठनं आलं ओ?” परवा दुकानाच्या रांगेत एका पालकांनीही तेच विचारलं. कोल्हापुरात मटणाचा प्रश्न उधारीवर ठेवता येत नाही, म्हणून सांगून टाकतो.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं हेस्टिंग्जची लढाई मारली आणि इंग्लंडच्या गादीवर फ्रेंच बोलणारे येऊन बसले. मेंढरं राखणारे, डुकरं पाळणारे मात्र जुने इंग्रजच. त्यामुळं रानातले शब्द त्यांचे राहिले : शीप, काऊ, काफ, पिग. मुदपाकखान्यातून ताटात गेलं ते नव्या धन्याच्या भाषेत : मटण, बीफ, व्हील, पोर्क. आपल्याकडं नांगर, दावं हे शब्द शेतकऱ्याचे आणि फिर्याद, वकील फारसीतनं आलेले, तसलाच प्रकार. कोंबडी गरिबाच्या चुलीवरही शिजायची म्हणून चिकन दोन्हीकडं चिकनच राहिलं, असंही सांगतात. मला ते ओढूनताणून वाटतं, कारण पोल्ट्री हा शब्द फ्रेंचातलाच.

खरं तर ही सगळीच गोष्ट लोक फार घोटून गुळगुळीत करतात. फ्रेंचात ‘मूतों’ म्हणजे आजही जिवंत मेंढा, आणि त्याचं मांसही. इंग्लंडातसुद्धा मटण, बीफ हे शब्द पुढं कित्येक पिढ्या चालत्याफिरत्या जनावरांना लावत. गोठ्याचा शब्द वेगळा, ताटाचा वेगळा ही वाटणी सावकाश होत गेली.

आणि मूतों तरी मूळचा फ्रेंच कुठं? रोमन येण्याआधी तिथं गॉल लोक राहायचे, त्यांच्या केल्टिक बोलीतला तो मानतात. आयरिशमध्ये ‘मोल्ट’ अजून आहे, अर्थ खच्ची केलेला मेंढा. काऊ आणि बीफची तर आणखी मजा. एक जर्मन कुळाच्या भाषांच्या वाटेनं आला, दुसरा लॅटिनमधनं फ्रेंचमार्गे, पण मूळ एकच. संस्कृतातला ‘गो’ही तिथलाच. म्हणजे गाय, काऊ आणि बीफ एकाच भावकीतले.

आता आपला घोळ. कोशात मटण म्हणजे मेंढीचं मांस. आपला तांबडा-पांढरा मात्र बकऱ्याचा. कोश उघडून बसलं तर पुण्याकडचं बोल्हाईचं मटण अस्सल ठरतं, कारण ते मेंढीचं असतं. हे वर्गात सांगितलं की पोरं खवळतात. पण इंग्रजांचा शब्द आपण घेतला आणि बकऱ्याला लावला, त्यात काही बिघडलं नाही. देशभर बहुतेक ठिकाणी तेच चालतं.

परीक्षेत अर्थ आला तर ‘मेंढीचं मांस’ लिहा. दुकानात ‘गोट मीट द्या’ म्हणाल, तर तो आधी तुमचं गाव विचारेल.