दोन वायरी, दोन दिवस

"दोनच तर वायरी आहेत. त्याला दोन दिवस कशाला?"

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि हर्णै बंदरात तुटलेली केबल जोडायला आणणारा जो तो हेच विचारतो म्हणून, एकदाच सांगतो.

इको साउंडरच्या, म्हणजे आवाज सोडून पाण्याची खोली दाखवणाऱ्या सेटच्या, केबलीत त्या दोन वायरींभोवती तांब्याची विणलेली जाळी असते. तुम्ही ती पिळून बाजूला सारता; खरी राखण तीच करते. सेट ट्रान्सड्यूसरला, म्हणजे बोटीच्या तळाशी आवाज सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या भागाला, काहीशे व्होल्टचा ठोका देतो. दहा वाव, म्हणजे साठेक फूट पाण्यात आवाज तळाला लागून वर यायला सेकंदाचा चाळिसावा भागही लागत नाही, पण परत येतो तो अगदी क्षीण होऊन. जाळी तुटलेली असली की इंजिनाच्या अल्टरनेटरची खरखर त्याच्यावर चढून बसते.

हे मला तेव्हाही पाठ होतं. तरी मी ते केलं.

31 जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपली होती. शाकारलेल्या बोटीत पावसाळाभर उंदीर होते, त्यांनी केबल कुरतडलेली. चुलतभाऊ दुपारी आला, संध्याकाळी निघायचं होतं. मी बोटीवरच वायरी पिळल्या, काळी टेप गुंडाळली आणि दहा मिनिटांत सेट लावून दाखवला. तळ स्वच्छ दिसत होता. इंजिन बंद होतं.

तिसऱ्या रात्री पडदाभर रेघा आल्या. त्या जाव्यात म्हणून तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याने, सेटची सेन्सिटिव्हिटी उतरवली. रेघा गेल्या, त्यांच्याबरोबर तळही गेला, खोलीचा आकडा मात्र एका जागी चिकटून राहिला. त्या आकड्यावर विसंबून ओढलेलं जाळं तळाच्या खडपात, खडकांत अडकलं. अर्धं खालीच राहिलं. जाळं कर्जाचं होतं, त्या वर्षीचे हप्ते वहिनीने कोळंबी सोलून भरले.

भाऊ परत आला तेव्हा काही बोलला नाही. जोडाचा तुकडा कापून आणला होता, तो काउंटरवर ठेवला आणि गेला. मी टेप उलगडली. तिचा डिंक मऊ होऊन बोटांना लागत होता. आत पाणी, वायरीवर हिरवी पूड, जाळी काळी. नखाने ओढली तर तुटली. वीतभर वर सोललं तरी तांबं काळंच. वातीत तेल चढावं तसं खारं पाणी जाळीतून चढलं होतं.

भाऊ आजही म्हणतो, मनाला लावून घेऊ नकोस, त्या रात्री पाण्याला ओढच फार होती. असेलही. तेव्हाचा मी अजून वाद घालतो: नाही म्हणाला असतास तरी तो सेटशिवाय गेलाच असता ना? गेला असता. पण मग त्या आकड्यावर विसंबला नसता. इथे दोघंही गप्प होतो.

आता मी उजळ तांबं लागेपर्यंत केबल मागे कापतो. आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीट श्रिंक नळी आधीच सरकवून ठेवतो. रंगाला रंग, प्रत्येक सोल्डरचा डाग पुढेमागे, म्हणजे दोन जोड एकमेकांना टेकत नाहीत. जाळीला जाळी, पूर्ण वेढून. मग जोड रात्रभर मिठाच्या पाण्याच्या बादलीत. सकाळी मीटरने ओल शिरली का बघतो. शिरली असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

कंपन्या म्हणतात, जोडू नका, नवा घ्या. त्यांचं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण तळातून बसवलेला ट्रान्सड्यूसर बदलायला बोट वर घ्यावी लागते, आणि ऐन हंगामात ती कोण घेणार? म्हणून जोडतो. माझा जोड अखंड केबलीइतकाच चांगला, असं लिहून मागितलंत तर देणार नाही.

आज आणलीत तर परवा सकाळी घेऊन जा. बोटीवर मी येईन. सेट लागला की इंजिन चालू करा आणि माझ्यासमोर पडदा बघा.