भाषण नको, मसुदा द्या

"पंधरा वर्षांच्या पोरांना जगाच्या राजकारणातलं काय कळतं?" मी किशोरवयीन मुलांचे चर्चागट चालवते हे कळलं की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलात, म्हणून लिहितेय.

सगळं कळत नाही. करारांची भाषा, देशांचे आपसातले हिशेब समजावून सांगावे लागतात. पण हवामानाचं किंवा युद्धाचं आज जे ठरतंय, त्याचं ओझं सर्वांत जास्त वर्षं हीच मुलं वाहणार. शिवाय अशा चर्चांना त्यांना बोलावणं हे उपकार नव्हेत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेचं १२वं कलम म्हणतं की, मुलांशी संबंधित प्रत्येक बाबतीत त्यांना मत मांडता यावं आणि वय व समज पाहून त्या मताला वजन मिळावं.

अडतं ते वजनापाशी. माझ्या गटातल्या एका मुलीला एका परिषदेत तीन मिनिटं मिळाली होती. आदल्या रात्री मोठ्यांनी तिचं भाषण तपासलं आणि नेमकी धारदार दोन वाक्यं काढली. टाळ्या झाल्या, फोटो झाले. खाली उतरल्यावर हातातल्या कागदाची घडी घालत तिने विचारलं, "ठरावाचा मसुदा कधी लिहिणार?" तो आदल्याच आठवड्यात लिहून झाला होता. तिला काय सांगावं, मला सुचेना.

याउलट एक उदाहरण मी नेहमी सांगते. २०१९ मध्ये ग्रेटा थनबर्गसह १६ मुलांनी हवामानबदलाच्या प्रश्नावर पाच देशांविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे तक्रार केली. २०२१ मध्ये ती दाखल करून घ्यायला समितीने नकार दिला; आधी त्या त्या देशातल्या न्यायालयांत जायला हवं होतं, असं कारण दिलं. पण समितीने मुलांचं म्हणणं ऐकलं होतं, आणि निर्णय त्यांना समजेल अशा भाषेत खुलं पत्र लिहून सांगितला. एखाद्या देशाच्या उत्सर्जनाचा फटका सीमेपलीकडच्या मुलांना बसला तर तो देश जबाबदार ठरू शकतो, हेही मान्य केलं. पुढे २०२३ मध्ये पर्यावरणाविषयीचं मार्गदर्शन तयार करताना समितीने १२१ देशांतल्या मुलांकडून १६ हजारांहून जास्त सूचना घेतल्या.

सगळीकडे असं होत नाही. तरुणांना शांततेच्या निर्णयांत घ्या असं सांगणारा सुरक्षा परिषदेचा २०१५चा ठराव आहे, पण त्यात तरुण म्हणजे १८ ते २९. पंधरा वर्षांचं मूल त्यात बसतच नाही, युद्धाने त्याची शाळा पाडली असली तरी.

मोठी माणसं मुलांच्या तोंडून आपलंच बोलून घेतील ही तुमची भीती मला रास्त वाटते. म्हणून आता कुठूनही बोलावणं आलं की मी आधी विचारते, मसुदा मुलांच्या हातात कधी येणार? उत्तर मिळालं नाही तर नाही म्हणते. मागच्या खेपेला कागद महिनाभर आधी आले. एका कलमावरून मुलं आपसात इतकी भांडली की, शेवटी आम्ही दोन वेगवेगळी मतं पाठवली.