बी.एड. संपलं, आता जूनची तयारी

बी.एड.चा शेवटचा पेपर झाला की शाळा उघडेपर्यंत थोडे दिवस हातात असतात. बरेच जण ते तक्ते रंगवण्यात घालवतात. तक्ते ऑगस्टमध्ये केले तरी चालतात. आधी जो वर्ग मिळणार आहे त्याचं पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा, आणि त्याच्या मागच्या इयत्तेचंही वाचा. बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन मोफत मिळतात. प्रत्येक स्वाध्याय स्वतः वहीत सोडवून बघा. मूल नेमकं कुठे अडणार हे नुसतं वाचून लक्षात येत नाही, लिहिताना येतं.

कागदांचं आधीच उरकून घ्या. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका लागते. नुसत्या बी.एड.वर हे वर्ग मिळत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी १५० प्रश्न, १५० मिनिटं, आणि खुल्या प्रवर्गाला उत्तीर्ण व्हायला ९० गुण. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पवित्र पोर्टलवरच्या, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता चाचणी वेगळी द्यावी लागते. तिच्यात १२० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. तिथे घड्याळ लावून केलेला सराव कामी येतो, नोट्स नाहीत. निवड झाली की पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पगाराऐवजी ठरावीक मानधन. २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये आहे.

पोर्टलवर कुठे नोकरी हवी याचा पसंतीक्रम भरण्याआधी नकाशा बघा. खारघर, कामोठे, पनवेल आपण नवी मुंबईत धरतो, पण ते सगळं रायगड जिल्ह्यात येतं. ठाणे जिल्हा परिषद म्हणजे शहापूर आणि मुरबाडही. शहापूरला आसनगाव स्टेशनवर उतरून पुढे जावं लागतं. मुरबाडला लोकल जात नाही, कल्याणहून एसटी धरावी लागते. खासगी शाळेत रुजू होत असाल तर नियुक्तीपत्र हातात घ्या. मूळ गुणपत्रिका दाखवून लगेच परत घ्या, कार्यालयात ठेवून येऊ नका.

आता वर्गाकडे. सराव पाठाच्या वेळी मागच्या बाकावर प्राध्यापक बसलेले असतात, म्हणून मुलं गप्प असतात, आणि उद्दिष्टं-स्पष्टीकरणांसकट टाचण, म्हणजे तासाचं लिहून काढलेलं नियोजन, अगदी वेळेत संपतं. शाळेतली तासिका ३५ मिनिटांची धरली, तरी आधीचे सर बाहेर पडेपर्यंत आणि वह्या निघेपर्यंत पाच मिनिटं जातात. पहिल्या तासाला हजेरी असते, ५०-५५ मुलांच्या वर्गात तिची आणखी पाच. म्हणून टाचण २५ मिनिटांचंच करा: पाच मिनिटं कालच्यावर प्रश्न, दहा नव्या मुद्द्याला, उरलेली दहा मुलांच्या लिहिण्याला. नवा मुद्दा एकच घ्या. फळ्यावरच्या सहा ओळी उतरवायला पाचवीच्या मुलांना सात-आठ मिनिटं सहज लागतात. नवख्या शिक्षकाचा तास हमखास इथेच कोलमडतो, कारण घंटा होते तेव्हा अर्धा वर्ग अजून तिसऱ्या ओळीवर असतो.

फळ्याचा सराव घरी होत नाही. रिकाम्या वर्गात जाऊनच करायला हवा. फळ्याचे मनातल्या मनात तीन भाग करा. डावीकडे तारीख, घटक आणि नवे शब्द, ते तास संपेपर्यंत पुसायचे नाहीत. मधे मुख्य लेखन. उजवीकडे कच्चं काम. अक्षर दोन इंच उंच ठेवा, आणि स्वतः शेवटच्या बाकावर बसून वाचून बघा. खिडकीच्या उजेडाने फळ्याचा एक कोपरा चकाकत असेल तर तिथे काहीच लिहू नका. खडू किंचाळतो तो बहुधा लांब असल्याने थरथरतो म्हणून. मोडून अर्धा करा आणि तिरका धरा. पुसताना डस्टर वरून खाली ओढा, म्हणजे भुकटी मुलांच्या अंगावर कमी उडते. लिहिताना वर्गाकडे पूर्ण पाठ करू नका, थोडं तिरकं उभं राहायची सवय लावा. मला विचाराल तर पहिल्या महिन्यात शिस्तीवर याहून मोठा उपाय नाही.

पहिल्या आठवड्यात धडा सुरू करायची घाई नको. दोन इयत्ता मागच्या पुस्तकातला चार-पाच ओळींचा उतारा घ्या आणि एकेका मुलाला जवळ बोलावून वाचायला द्या. बाकीचे तेव्हा चित्राखाली वाक्यं लिहीत बसतील. वहीत नावापुढे चारच खुणा करा: अक्षर, शब्द, वाक्य, उतारा. गणितात 'पाच हजार सात' अंकात लिहायला सांगा. ५०००७ लिहिणारी मुलं सातवीतही सापडतात. ती ऐकलेला शब्द तसाच मांडतात, स्थानिक किंमत पक्की झालेली नसते. एकोणसाठ सांगितलं की ६९ लिहितात, हेही तिथेच कळेल. नवी मुंबईतल्या दिघा, तुर्भे भागातल्या शाळांत घरी हिंदी, कन्नड किंवा तेलुगू बोलणारी मुलंही मराठी वर्गात असतात. त्यांचं अडखळणं भाषेचं आहे की वाचनाचं, हे वेगळं टिपून ठेवा. या वहीशिवाय केलेलं वार्षिक नियोजन फक्त तपासणीच्या फायलीत शोभतं.

आणि पाऊस. जून-जुलैत पत्र्याच्या छपराखाली आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. ओरडून शिकवलं तर आठवड्यात घसा बसतो. अशा तासाला लेखन, आकृत्या किंवा जोडीने वाचन ठेवा. लोकल बंद पडल्या किंवा रस्त्यावर पाणी साचलं की निम्मी मुलंच येतात. त्या दिवशी नवा घटक घेतला तर तो उरलेल्यांसाठी पुन्हा घ्यावा लागतो. वीस-पंचवीस कार्यपत्रिकांची एक फाईल मे महिन्यातच करून कपाटात ठेवा, उजळणीची.

वह्या तपासण्याचं आधीच ठरवा. सगळ्या वह्या शनिवारी घरी आणल्या तर रविवार संपतो आणि मुलांना चूक आठवडाभराने कळते. रोज दहा वह्या, शाळेतच, मोकळ्या तासाला. प्रत्येक चुकीवर लाल रेघ नको. एका वहीत एकाच प्रकारची चूक दाखवा, योग्य रूप समासात लिहा, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाकडून ते तीनदा लिहून घ्या.