द्राक्षं, मीठपाणी आणि आईचा वेळलेला भात

परवा मंडईतून किलोभर द्राक्षं आणली, त्यावर पांढरट थर बघून बायको म्हणे औषध मारलंय, टाकून दे. अगं ते द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं! औषध नसतं असं नाही, पण ते असं डोळ्याला दिसेलच असं थोडीच आहे.

2010 ला युरोपने आपली द्राक्षं अडवली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत लिहोसिन, वेलीची फाजील वाढ रोखायला मारतात ते. निर्यातीच्या मालाचं सॅम्पल लॅबला जातं, आपल्या पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्रातही रेसिड्यूची, म्हणजे फळात उरलेलं औषध तपासायची लॅब आहे, पण माझ्या पिशवीतल्या किलोचं सॅम्पल कोण काढतंय? असो.

मग मी मीठपाण्यात वीस मिनिटं बुडवून, नळाखाली चोळून धुतली. वरवरचं बरंच जातं, पण इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसातून फिरतात, ती कशी धुणार.

तांदळाचं वेगळंच, भाताच्या खाचरात पाणी साचून राहतं, मातीतलं आर्सेनिक सुटं होतं आणि रोप ते ओढून घेतं. भरपूर पाण्यात शिजवून पाणी काढून टाकलं तर ते कमी होतं, अर्थात पाणी स्वच्छ हवं. आईला फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे भात वेळायचा ना? कुकर तूच आणलास रे माझ्या घरात."