मेथाडोनचा डोस कुणीच बदलला नव्हता

"मॅडम, काकांना रात्री अजून दुखतंय. दोन वेळचं तीन वेळा करू का?"

विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणारे उपचार, बघणाऱ्या तरुण डॉक्टरचा फोन. मी वेदनाशमनाचं काम करते आणि मेथाडोन, म्हणजे मॉर्फिनच्याच गटातलं तीव्र वेदनाशामक, नव्याने लिहू लागलेल्या डॉक्टरांना फोनवरून मार्गदर्शन करते. काका म्हणजे साठीतले शेतकरी, गुटख्याने झालेला गालाचा कॅन्सर. गाठ चेहऱ्याच्या नसेला जाऊन भिडलेली, अर्ध्या चेहऱ्यात करंट लागल्यासारख्या कळा. दिवसाला १२० मिलिग्रॅम मॉर्फिनलाही त्या दाद देईनात, म्हणून सहा दिवसांपूर्वी मॉर्फिन थांबवून मेथाडोन ५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ सुरू केलं होतं. निवड बरोबर होती. नसेच्या दुखण्यावर मेथाडोन चांगलं चालतं, आणि किडनी थकली म्हणून ते मॉर्फिनसारखं साचत नाही.

डोस वाढवायचा का, हे विचारणाऱ्याला मी आधी दुखण्याबद्दल विचारतच नाही. झोपेबद्दल विचारते. मेथाडोन जास्त झालं की आधी गुंगी येते, मग श्वास मंदावतो.

"दिवसा कसे असतात?"

"शांत झोपून असतात. सूनबाई म्हणतात, किती महिन्यांनी असे झोपलेत."

"बोलता बोलता डोळा लागतो का?"

पलीकडे जरा वेळ आवाज नाही. मग, "हो मॅडम. चहाचा कप हातात असतानाच."

"आत्ता खाटेजवळ जा. हाक मारू नकोस, आधी श्वास मोज. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चौपट करायचं नाही."

फोन चालूच होता. वॉर्डातला पंखा, कुठेतरी ट्रॉलीची खडखड. मिनिट संपल्यावर तो म्हणाला, "नऊ." फारच कमी. हाक मारल्यावर काकांनी डोळे उघडले, नाव सांगितलं आणि पुन्हा मिटले.

मेथाडोनची खरी अडचण इथेच आहे. त्याच्या गोळीने दुखणं थांबतं सहा ते आठ तास, पण औषध शरीरातून निम्मं व्हायला कुणाला एक दिवस लागतो, कुणाला दोन. म्हणजे तोच डोस आठवडाभर साचत जातो. दुसऱ्या दिवशी कमी वाटलेला डोस सहाव्या दिवशी जास्त होऊ शकतो. म्हणून निदान पाच ते सात दिवस डोस वाढवायचा नाही, हे मी प्रत्येकाला बजावते. पण नुसत्या साचण्याने एवढी गुंगी येईल, हे मला पटेना.

"तोंडात बघ. जिभेवर काय आहे?"

पांढरा थर. बुरशी. केसपेपर उलटल्यावर सापडलं: तिसऱ्या दिवशी दुसऱ्या विभागातून बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल सुरू झालेलं. यकृतात मेथाडोनचा निचरा ज्या वाटेने होतो, तीच वाट हे औषध अडवतं. शिवाय दोन्ही औषधं ईसीजीतला क्यूटी (हा कालावधी फार लांबला तर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात) लांबवतात, आणि उलटीसाठी चाललेलं ऑनडॅनसेट्रॉनही तेच करतं.

मेथाडोन आणि ऑनडॅनसेट्रॉन थांबवलं. फ्लुकोनॅझोलऐवजी तोंडात लावायचं क्लोट्रिमॅझोल. ऑक्सिजन, ईसीजी, पोटॅशियम. मेथाडोनचा असर उतरवणारं नॅलॉक्सोन पातळ करून सिरिंजमध्ये भरून ठेवायला सांगितलं: श्वास आठच्या खाली गेला किंवा हाकेला ओ देईनासे झाले, तरच थोडंथोडं द्यायचं. एकदम दिलं तर कळा उसळून येतात. त्याचा असर तासाभरात उतरतो, मेथाडोन मात्र आत तसंच असतं. म्हणून माणूस जागा झाला म्हणजे सुटलो, असं समजायचं नाही. रात्रभर दर अर्ध्या तासाने श्वास मोजायचे ठरले. नॅलॉक्सोन लागलं नाही. पुढे पूर्ण शुद्धीत आल्यावर २.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा सुरुवात केली.

त्याच संध्याकाळी दुसरा फोन. गर्दसारख्या नशेऐवजी देखरेखीखाली मेथाडोन देऊन व्यसन सोडवणाऱ्या एका ओएसटी सेंटरमधून. गर्द सोडलेला तिशीतला तरुण, ६० मिलिग्रॅमवर कित्येक महिने स्थिर, कामाला जाणारा. आता रोज येऊन डोस कमी पडतोय म्हणतो. सेंटरवरच्या काहींना वाटत होतं, टर्कीचं, म्हणजे नशा तुटल्यावर होणाऱ्या त्रासाचं, नाटक करतोय, पुन्हा बाहेर काहीतरी सुरू केलंय.

"बाहुल्या कशा आहेत?"

"मोठ्या. अंगावर काटा आहे, सारख्या जांभया, नाक वाहतंय."

अंगावरचा काटा सहसा ठरवून आणता येत नाही. त्याला टीबी निघाला होता आणि दहा दिवसांपूर्वी औषधं सुरू झाली होती. त्यातलं रिफाम्पिसिन मेथाडोनचा निचरा इतका वाढवतं की नेहमीचा डोस पुरेनासा होतो. हा मुलगा खरं बोलत होता. याच वेळी त्याच्यावर अविश्वास दाखवला असता तर तो एकतर गर्दकडे वळला असता, नाहीतर टीबीच्या गोळ्या सोडून बसला असता. दोन्हींत जीव जातो, आणि हे सांगताना माझा आवाज चढला.

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या धाकाने आपल्याकडे डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन न लिहिताच निवृत्त झाली. २०१४ च्या दुरुस्तीनंतर आणि २०१५ च्या नियमांनंतर मेथाडोनसह सहा अत्यावश्यक औषधांसाठी मान्यताप्राप्त संस्थांची वाट सोपी झाली. औषध आता पोचतंय, पण आपला पेशंट दुसरी कोणती औषधं घेतो हे रोज विचारायची सवय अजून लागायची आहे. त्या दिवशी दोन्हीकडे मेथाडोनचा डोस होता तोच होता. त्याच्या शेजारी काहीतरी नवीन आलं होतं.

सेंटरच्या डॉक्टरांना सांगितलं, टीबीचं एकही औषध थांबवू नका. ईसीजी काढा, मग ५ ते १० मिलिग्रॅमने, मध्ये काही दिवस सोडून, समोर बसवून डोस वाढवा. आणि रिफाम्पिसिन संपायची तारीख आजच रजिस्टरात लिहून ठेवा. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत वाढवलेला डोस उतरवावा लागेल, नाहीतर त्याचेही श्वास मोजायची वेळ येईल.