नुसतं 'गिट पुश'

गुरुवार होता. घरची लाईट दिवसभर जाणार म्हणून मी बाणेरच्या ऑफिसात लवकरच येऊन बसलो होतो. साडेदहाला टीममधली नवी मुलगी डेस्कपाशी आली. "सर, माझ्याकडून काहीतरी मोठं झालंय." रुजू होऊन तिला जेमतेम दोन आठवडे झाले होते.

आमचा कोड गिटमध्ये असतो, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या प्रणालीत. तिचं अर्धवट काम मूळ रेपोच्या (सगळ्यांच्या सामायिक कोडसाठ्याच्या) मेन ब्रँचवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर गेलं होतं. पुल रिक्वेस्ट (बदल सामील करून घ्या अशी विनंती) नाही, रिव्ह्यू नाही. आमच्याकडे प्रत्येकाचा फोर्क, म्हणजे मूळ रेपोची स्वतःची प्रत, म्हणजे 'ओरिजिन' आणि मूळ रेपो म्हणजे 'अपस्ट्रीम'. कोड घ्यायचा अपस्ट्रीमवरून, पाठवायचा ओरिजिनवर. "मी नुसतं गिट पुश केलं," ती पुन्हा पुन्हा सांगत होती; म्हणजे बदल पाठवायची कमांड, कुठे पाठवायचं ते न लिहिता. टर्मिनलवर खरंच तेवढंच होतं.

आधी ती कमिट (नोंदवलेला बदल) रिव्हर्ट केली, म्हणजे तिच्या उलटा बदल नोंदवला. दोघातिघांनी मेन पुल केली होती, म्हणजे आपल्याकडे उतरवून घेतली होती, त्यामुळे फोर्स पुश करून, म्हणजे जबरदस्तीने, नोंदींचा इतिहास बदलणं योग्य नव्हतं. मग तिचं गिटचं कॉन्फिग, म्हणजे सेटिंग्ज, उघडलं. नुसता पुश कुठल्या ब्रँचवर जावा हे ठरवणाऱ्या पुश.डिफॉल्ट या सेटिंगपुढे लिहिलं होतं 'अपस्ट्रीम'. ती ओळ माझी होती. सगळे एकाच रेपोत काम करत होतो तेव्हा प्रत्येकाच्या मशीनवर ही सेटिंग्ज घालणारी सेटअप स्क्रिप्ट मी लिहिली, आणि फोर्क आले तेव्हा ती तपासायची राहिली.

या सेटिंगमधला 'अपस्ट्रीम' म्हणजे त्या नावाचा रिमोट (सर्व्हरवरचा रेपो) नव्हे. आपली ब्रँच जिला ट्रॅक करते, म्हणजे जिच्याशी जोडलेली असते, ती ब्रँच. तिने नवी ब्रँच थेट अपस्ट्रीमच्या मेनवरून काढली, ट्रॅकिंग आपोआप तिथे जोडलं गेलं आणि पुश सरळ तिथेच गेला. दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द; नवख्या माणसाने हे ओळखावं तरी कसं?

२०१४ च्या गिट २.० पासून या सेटिंगचं मूळ डिफॉल्ट 'सिंपल' आहे. तिच्या ब्रँचचं आणि मेनचं नाव जुळत नाही म्हणून त्याने हा पुश अडवला असता. पण तेवढ्यावर थांबायला माझं मन तयार नव्हतं: आपल्या मशीनवरची लोकल मेन अपस्ट्रीमच्या मेनला ट्रॅक करत असेल, तर तिथे नावं जुळतात आणि सिंपल वाट देतो. म्हणून नुसता पुश कुठल्या रेपोत जावा हे ठरवणारं रिमोट.पुशडिफॉल्ट ओरिजिन केलं. आता ट्रॅकिंग कुठेही असो, नुसता पुश फोर्कवरच जातो, त्याच नावाच्या ब्रँचवर. पुश.डिफॉल्टची जुनी ओळ मात्र काढावीच लागली, कारण घेण्याचा आणि पाठवण्याचा रिमोट वेगळा असला की 'अपस्ट्रीम' पुश करायलाच नकार देतो. शिवाय अपस्ट्रीमचा पुशचा पत्ता मुद्दाम चुकीचा घातला आणि सर्व्हरवर मेन ब्रँचला संरक्षण लावलं.

टीमला मेल लिहिला: चूक स्क्रिप्टची, म्हणजे माझी. पाठवण्याआधी तिला वाचायला दिला. तिने वाचला, काही बोलली नाही.

संध्याकाळी तिने नव्या सेटिंगवर आधी ड्राय-रन केला, म्हणजे प्रत्यक्ष काही न पाठवता पुशची चाचणी. पहिल्याच ओळीत तिच्या फोर्कचा पत्ता आला. तिने तो बोट ठेवून वाचला, मग खरा पुश केला.